परदेशी मतपेटीचा पंचनामा



निवडणूक ही आता आपल्या खेड्यापाड्यांत नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कोणती ना कोणती निवडणूक दर एकदोन वर्षांनी दारात येऊन उभी राहते. शाळेतली बाके सरकवून मतदान केंद्र मांडले जाते, पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र ठेवले जाते, बोटाला शाई लागते आणि आपण घरी येतो. शिक्षक मंडळींना तर याच्याही आतले सगळे ठाऊक आहे. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचे, रात्री शाळेतच पथारी टाकायची, पहाटे उठून पक्षांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान करून दाखवायचे, आणि संध्याकाळी नमुना १७-क वर किती मते पडली ते लिहून त्याची नक्कल प्रतिनिधींच्या हाती द्यायची. केंद्राध्यक्ष म्हणून ज्यांनी हा दिवस काढला आहे, त्यांना त्यातली जोखीम वेगळी सांगायला नको.

आता अशी कल्पना करा, की त्या वर्गाच्या कोपऱ्यात दोन परकी माणसे उभी आहेत. एक बाई नॉर्वेच्या, दुसरे गृहस्थ जपानचे. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. ती कोणाशी वाद घालत नाहीत, कोणाला सूचना देत नाहीत. नुसती पाहतात आणि लिहितात. अर्ध्यापाऊण तासाने नमस्कार करून पुढच्या केंद्राकडे निघून जातात.

आपल्या देशात असे पथक सहसा दिसत नाही. आपला निवडणूक आयोग स्वतःचेच अधिकारी निरीक्षक म्हणून पाठवतो. परदेशांतल्या निवडणूक अधिकाऱ्यांना तो पाहुणे म्हणून बोलावतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी २३ देशांतले ७५ पाहुणे आले होते. पण आफ्रिका, आशिया, पूर्व युरोप आणि दक्षिण अमेरिका या भागांतल्या कितीतरी देशांत अशी माणसे शेकड्यांनी जातात. त्यांतले बहुतेक पगारी नोकर नसतात. कोणी शिक्षक असतो, कोणी वकील, कोणी निवृत्त अधिकारी. त्यांना आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षक म्हणतात. ही मंडळी नेमके काय करतात, आणि त्यांच्या करण्याने काही साधते का, हे आज पाहायचे आहे.

पहिला प्रश्न कोणीही विचारील तोच आहे. "अहो, घर त्यांचं, भांडण त्यांचं. परक्या माणसानं तिथं कशाला जायचं?"

याचे उत्तर आपल्या गावातच सापडते. गारपिटीने पीक झोपले म्हणजे पंचनामा होतो. पंच शेतात जातीने उभे राहतात, किती क्षेत्र, कोणते पीक, किती नुकसान ते डोळ्यांनी पाहून लिहितात आणि खाली सही करतात. भरपाई देणे पंचांच्या हाती नसते आणि नाकारणेही नसते. पण उद्या कोणी म्हणाले, "इथे काही झालेच नाही," तर तो कागद बोलतो. आणि पंच शक्यतो असा हवा, की ज्याचे त्या शेतात काही अडकलेले नाही. भावकीतला पंच असला तर त्याच्या सहीला किंमत किती, हे तुम्ही जाणता. परदेशी निरीक्षक हा असाच पंच आहे. त्याची सगळी किंमत दोन गोष्टींत आहे : त्याने स्वतः पाहिले पाहिजे, आणि जेवढे पाहिले तेवढेच लिहिले पाहिजे.

ही कल्पना आजची नव्हे. १८५७ साली आपल्याकडे उत्तरेत रणकंदन माजले होते. त्याच वर्षी आजच्या रुमानियातल्या मोल्दाविया आणि वालाकिया या दोन प्रांतांत निवडणुका झाल्या. दोन्ही प्रांत एक करावेत की नाही, याबद्दल तिथल्या लोकांचे मत घ्यायचे होते. आदल्या वर्षीच्या पॅरिसच्या तहानुसार युरोपातल्या सत्तांचे एक मंडळ त्यावर लक्ष ठेवून होते. मोल्दावियात मतदारांच्या याद्यांत लबाडी झाली, आणि एकीकरणाच्या विरोधकांचा विजय जाहीर झाला. त्यावर मोठा गहजब उडाला, ती निवडणूक रद्द झाली, आणि दोन महिन्यांनी पुन्हा घेतली तेव्हा निकाल उलटा लागला. पाहा, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीही लबाडी मतपेटीत नव्हती, यादीत होती.

पुढे या कामाच्या तीन तऱ्हा पडल्या. त्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून वेगळ्या करून सांगतो.

पहिली तऱ्हा म्हणजे निवडणूक स्वतःच चालवणे. १९५३ साली सुदान देश इंग्रज आणि इजिप्त यांच्या संयुक्त अंमलाखालून मोकळा होण्याच्या वाटेवर होता. तिथल्या पहिल्या संसदीय निवडणुकीसाठी सात जणांचा आयोग नेमला गेला. तीन सुदानी, आणि इंग्रज, इजिप्ती, अमेरिकन व भारतीय असा एकेक. अध्यक्षपद भारतीयाकडे आले. ते होते सुकुमार सेन, आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. नुकतीच, १९५१-५२ साली, त्यांनी आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडली होती. बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नसलेल्या देशात निवडणूक कशी घ्यावी, हे त्या वेळी त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? १९९३ साली कंबोडियात संयुक्त राष्ट्रांनी तर सबंध निवडणूकच स्वतःच्या अंगावर घेतली.

दुसरी तऱ्हा देखरेखीची. १९८९ च्या नोव्हेंबरात नामिबियात निवडणूक झाली ती दक्षिण आफ्रिकेच्या प्रशासकाने घेतली. पण तिच्यावर देखरेख संयुक्त राष्ट्रांची होती, आणि त्यांच्या प्रतिनिधीने निवडणूक मुक्त व न्याय्य झाल्याचा निर्वाळा दिल्याशिवाय पुढचे पाऊल पडणार नव्हते. त्या मोहिमेतल्या शांतिसेनेचे सेनापती आपले लेफ्टनंट जनरल प्रेमचंद होते.

तिसरी तऱ्हा निव्वळ निरीक्षणाची. इथे चालवायचे नाही आणि थांबवायचेही नाही, फक्त पाहायचे आणि सांगायचे. १९८० साली झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यापूर्वीच्या निवडणुकीला राष्ट्रकुलाचे निरीक्षक पथक गेले, त्याचे प्रमुख भारताचे राजेश्वर दयाळ होते. १९९४ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाने प्रथमच मत दिले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे दोन हजारांहून अधिक निरीक्षक देशभर पसरले होते. आज स्वयंसेवक म्हणून जो जातो, तो बहुतेक या तिसऱ्या कामासाठी जातो.

आता हे काम चालते कसे ते पाहू.

पहिला नियम असा, की आमंत्रणावाचून कोणी जात नाही. ज्या देशाची निवडणूक, त्याचे बोलावणे लागते. १९९० साली कोपनहेगन येथे युरोप व उत्तर अमेरिकेतल्या देशांनी आपसांत ठरवले, की आम्ही एकमेकांच्या निरीक्षकांना येऊ देऊ. त्या संघटनेत आज ५७ देश आहेत आणि तिचे निवडणूक कार्यालय पोलंडमध्ये वॉर्सा येथे आहे. पुढे २७ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांत, निरीक्षण कसे करावे याची तत्त्वे आणि निरीक्षकांची आचारसंहिता मान्य झाली. राष्ट्रकुल, आफ्रिकी संघ, युरोपीय संघ अशा मोठ्या संस्थांनी ती स्वीकारली आहे. निघण्यापूर्वी प्रत्येक निरीक्षक त्या संहितेच्या प्रतिज्ञेवर सही करतो.

दुसरे असे, की पथक एका दिवसासाठी येत नाही. थोडी माणसे महिना-दोन महिने आधी येतात. त्यांना दीर्घकालीन निरीक्षक म्हणतात. मतदार याद्या कशा झाल्या, उमेदवारी अर्ज कोणाचे नाकारले आणि का, विरोधकांना सभेला मैदान मिळते का, सरकारी गाड्या प्रचाराला धावतात का, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी कोणाला किती वेळ देतात, हे सारे ती पाहतात. मतदानाच्या चार-सहा दिवस आधी मोठी तुकडी येते, ती अल्पकालीन निरीक्षकांची. नव्या स्वयंसेवकाला सहसा इथेच जागा मिळते.

या माणसांची दोघादोघांची जोडी लावतात. शक्य तर दोघे दोन वेगळ्या देशांचे. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची असावी, आणि एकाचा कल कुठे झुकलाच तर दुसऱ्याने सावरावे, हा त्यातला हेतू. सोबत एक दुभाष्या आणि एक गाडीवान. हे दोघे त्याच देशाचे असतात. खरे पाहता त्यांच्यावाचून परका माणूस आंधळा आणि बहिराच.

मतदानाचा दिवस उजाडण्यापूर्वीच जोडी पहिल्या केंद्रावर हजर असते. पेटी रिकामी असल्याचे सर्वांना उघडून दाखवले का? तिला सील लागले का, आणि सीलाचा क्रमांक कोणता? कोऱ्या मतपत्रिका किती आल्या? केंद्र वेळेवर उघडले का? मग दिवसभरात आठ-दहा केंद्रे. प्रत्येक ठिकाणी तोच कागद, तेच प्रश्न. कोणाचे नाव यादीत नाही म्हणून परत पाठवले का? मत गुप्त पडते का, की खिडकीतून दिसते? पक्षाचा माणूस आत घुटमळतो का? पांगळ्या माणसाला चढायला सोय आहे का? बोटावर शाई लावतात का, आणि लावण्यापूर्वी बोट तपासतात का? ही शाई पुष्कळ देशांत आपल्याच म्हैसूरच्या कारखान्यातून गेलेली असते. ज्या कारखान्याची शाई १९६२ पासून आपल्या निवडणुकांत बोटाला लागते, तोच हा कारखाना.

मतदान संपले की खरी परीक्षा सुरू होते. आपल्याकडे यंत्रे सीलबंद होऊन मोजणीच्या ठिकाणी जातात. पण केनियासारख्या पुष्कळ देशांत मोजणी त्याच केंद्रात, त्याच रात्री होते. दार लावले जाते आणि पेटी टेबलावर रिकामी होते. मग एकेक मतपत्रिका उचलून, सर्वांना दाखवून, नाव पुकारून बाजूला ठेवतात. कधी वीज जाते, मग कंदिलाच्या नाहीतर विजेरीच्या उजेडात काम चालते. निरीक्षकही दिवसभराचा थकलेला असतो, आणि नेमके तेव्हाच डोळे उघडे ठेवायचे असतात. आकड्यांचा तक्ता भरला, सह्या झाल्या, एक प्रत दारावर लागली, की तो आकडे उतरवून घेतो आणि तक्त्यामागोमाग बेरजेच्या केंद्रावर जातो. दारावरचा आकडा आणि वरच्या यादीतला आकडा एकच आहे का, याची रुजवात घालणे, हे त्या रात्रीचे सर्वांत मोलाचे काम.

आता एक अवघड प्रसंग पाहू. एक म्हातारी आत येते. तिच्या मागोमाग एक धटिंगण शिरतो, तिच्या हातातली मतपत्रिका घेतो आणि स्वतःच शिक्का मारून तिला पेटीत टाकायला लावतो. केंद्राचा अधिकारी मान वळवून बसला आहे. निरीक्षकाने काय करावे?

तुमच्याआमच्या मनात येईल, की त्याने धावून जावे. पण आचारसंहिता म्हणते, नाही. त्याने वेळ लिहावी, केंद्राचा क्रमांक लिहावा, काय घडले ते लिहावे. फार तर अधिकाऱ्याला विचारावे, "असे चालते का?" त्यापुढे हुकूम सोडायचा नाही, हात लावायचा नाही. ऐकायला हे कठोर वाटते. पण परक्याने एकदा हुकूम सोडला, की निवडणूक त्या लोकांची राहत नाही. उद्या हरलेला म्हणेल, परदेशी माणसांनी मतदान बिघडवले, आणि त्या एका धावण्यापायी शंभर खऱ्या नोंदी खोट्या ठरतील. शिवाय निरीक्षक संध्याकाळी गाडीत बसून जाणार. त्याच्या रागाचे फळ मागे राहिलेल्या म्हातारीच्या पदरात पडणार.

मग अशा एका नोंदीने होते काय? एकीने फारसे काही होत नाही. पण शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपण रोज चुलीपाशी पाहतो. समजा देशात शंभर जोड्या आहेत आणि प्रत्येकीने दहा केंद्रे पाहिली, तर हजार केंद्रांचे कागद जमा होतात. म्हातारीसारखा प्रकार दोन ठिकाणी दिसला, तर ती त्या केंद्रांची खोड. दोनशे ठिकाणी दिसला, तर तो देशाचा आजार. मात्र शीत कुठून उचलायचे याला महत्त्व आहे. सगळी शिते वरच्यावरच काढली तर तळाचा करपा कळत नाही. म्हणून नुसती शहरातली, डांबरी रस्त्यावरची केंद्रे पाहून चालत नाही. डोंगरापलीकडच्या वाडीवरही जावे लागते.

हे झाले शास्त्र. प्रत्यक्षात काय घडले, त्याची चार उदाहरणे सांगतो. त्यांत निरीक्षकाचे बळही दिसेल आणि त्याची मर्यादाही.

पहिले पनामाचे. ७ मे १९८९ रोजी तिथे मतदान झाले. सत्ता होती जनरल नोरिएगा यांच्या मुठीत. निरीक्षकांत अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर होते. देशातल्याच स्वयंसेवकांनी केंद्राकेंद्रांवरून खरे आकडे जमवले होते, आणि सरकारी बेरजेच्या टेबलावर भलतेच आकडे येत होते. कार्टरांनी ही लबाडी जगापुढे उघड बोलून दाखवली. दोनतीन दिवसांत सरकारने ती निवडणूकच रद्द करून टाकली. खोटा निकाल खरा म्हणून खपला नाही, एवढे निरीक्षकांमुळे झाले. पण जिंकलेल्याला गादी काही मिळाली नाही. ती मिळाली डिसेंबरात अमेरिकी फौजा पनामात घुसल्यावर, आणि तो मार्ग पंचनाम्याचा नव्हे.

दुसरे अझरबैजानचे, ९ ऑक्टोबर २०१३ चे. वॉर्साच्या कार्यालयाच्या निरीक्षकांनी जिथे मोजणी पाहिली, त्यांपैकी ५८ टक्के केंद्रांत ती वाईट किंवा फार वाईट झाल्याचे नोंदवले. त्याच निवडणुकीला युरोपातल्या काही संसद सदस्यांची पथकेही आली होती. त्यांनी मात्र ती मुक्त, न्याय्य आणि पारदर्शक झाल्याचे सांगितले. शेत एक, पंचनामे दोन! काही सरकारे गोड बोलणारे पाहुणे मुद्दाम बोलावतात, हे जगात आता सर्वांना कळले आहे. म्हणून निरीक्षक काय म्हणाले हे ऐकताना, ते कोणी पाठवले, किती केंद्रे पाहिली आणि किती दिवस राहिले, हेही विचारावे.

तिसरे केनियाचे, आणि ते चांगल्या निरीक्षकांनाही विचार करायला लावणारे आहे. ८ ऑगस्ट २०१७ रोजी मतदान झाले. लोक पहाटेपासून शांतपणे रांगा लावून होते. मोठमोठ्या संस्थांच्या पथकांनी दोन दिवसांत आपले पहिले निवेदन केले. मतदान नीट झाले, केंद्रांतली मोजणीही एकंदर ठीक, असा त्याचा सूर होता. आकडे वर पाठवण्याचे काम अजून चालू आहे, धीर धरा, असेही त्यांनी सांगितले होते. पण जगाच्या कानी पडले ते फक्त "नीट झाले" एवढेच. १ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी ती अध्यक्षीय निवडणूक रद्द ठरवली. केंद्रांवरचे तक्ते वर पाठवण्यात आणि त्यांची पडताळणी करण्यात कायदा पाळला गेला नव्हता. निवडणूक ही एका दिवसाची घटना नसून ती एक प्रक्रिया आहे, असे न्यायालयाने बजावले. आफ्रिका खंडात अध्यक्षीय निवडणूक न्यायालयाने रद्द करण्याची ही पहिलीच वेळ.

पंचाने पेरणी पाहिली, राखण पाहिली, आणि खळ्यावर मापे घालण्यापूर्वीच "पीक चांगले" असे सांगून टाकले, तर काय होईल? केनियात तसे झाले. निरीक्षकांनी यातून घेण्याजोगा धडा असा, की बेरीज पुरी झाल्याशिवाय कोणाच्याही हाती प्रशस्तिपत्र द्यायचे नाही.

चौथे उदाहरण मलावीचे. हा आग्नेय आफ्रिकेतला छोटासा, बहुतांशी शेतकऱ्यांचा देश. २१ मे २०१९ रोजी मतदान झाले. बाहेरून आलेल्या पथकांना मतदानाचा दिवस एकंदरीत व्यवस्थित वाटला. पण पुढे आकड्यांचे तक्ते बाहेर आले, तेव्हा कित्येकांवर पांढरा खोडरंग लावून आकडे बदललेले दिसले. शिक्षकांना हा रंग चांगला माहीत आहे. मुलाने उत्तरपत्रिकेत तो लावला, तर आपण बोट ठेवून विचारतो, "इथे खाली काय होते?" मलावीच्या लोकांनीही तेच विचारले. त्या निवडणुकीला त्यांनी 'टिपेक्सची निवडणूक' असे नावच पाडले. टिपेक्स म्हणजे त्या रंगाचा छाप. लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरत राहिले, खटला चालला, आणि ३ फेब्रुवारी २०२० रोजी पाच न्यायाधीशांनी निवडणूक रद्द केली. २३ जूनला पुन्हा मतदान झाले, आणि विरोधी उमेदवार लझारस चकवेरा निवडून आले. त्या वेळी करोनाची साथ होती, त्यामुळे परदेशी निरीक्षक जवळजवळ नव्हतेच. मतपेट्यांची राखण तिथल्याच माणसांनी केली.

या चारही गोष्टींतून मला जे दिसते ते सांगतो. परका पंच उपयोगी आहे, पण तो मालक नव्हे. शेताची राखण मालकालाच करावी लागते. पंचामुळे एवढेच होते, की मालक ओरडला तर त्याचा आवाज एकटा पडत नाही, आणि चोराला वाटते, कोणीतरी पाहते आहे. हे लहान काम आहे, पण ज्या देशात लोक मत द्यायला जिवावर उदार होऊन जातात, तिथे ते लहान राहत नाही. ३० ऑगस्ट १९९९ रोजी पूर्व तिमोरात लोकांनी स्वातंत्र्याचा कौल दिला, तेव्हा धमक्यांना न जुमानता शंभरांतले अठ्ठ्याण्णव मतदार आले, आणि त्यांतल्या ७८.५ टक्क्यांनी स्वातंत्र्य मागितले. निकालानंतर गावेच्या गावे जाळली गेली. मतदान केंद्रांवर काम केलेले तिथले काही स्थानिक लोक मारले गेले. तरीही तो आकडा कोणी पुसू शकले नाही, कारण तो जगासमोर मोजला होता. २००२ च्या मे महिन्यात तो देश स्वतंत्र झाला. कंबोडियात तर निवडणुकीची तयारी करणारा एक तरुण जपानी स्वयंसेवक एप्रिल १९९३ मध्ये गोळ्यांना बळी पडला. तरी पुढच्याच महिन्यात मतदान झाले, आणि नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक मत द्यायला आले.

तुमच्यापैकी कोणाला वाटेल, आपणही जावे. मार्ग आहेत, पण अरुंद आहेत. युरोपीय संघ आणि वॉर्साचे कार्यालय आपापल्या सदस्य देशांनी सुचवलेली माणसे घेते. तिथे भारतीयाला सहसा वाव नसतो. राष्ट्रकुलाचे महासचिव अनुभवी मंडळींना स्वतः निमंत्रण देतात. अमेरिकेत अटलांटा येथे कार्टरांनी स्थापन केलेले केंद्र आहे. त्याने आजवर शंभराहून अधिक निवडणुका पाहिल्या, आणि ते निरनिराळ्या देशांची माणसे घेते. आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे मुक्त निवडणुकांसाठी झटणारे आशियाई जाळे. ते १९९७ साली स्थापन झाले, त्याचे कार्यालय बँकॉकला आहे, आणि ते आशियातलेच निरीक्षक आशियातल्या निवडणुकांना पाठवते. पगाराची आशा धरू नये. प्रवास, विमा, राहण्याजेवण्याचा भत्ता, एवढेच मिळते. इंग्रजी बऱ्यापैकी हवे, प्रकृती धडधाकट हवी, खडबडीत रस्त्यावर बारा तास बसण्याची तयारी हवी. आणि कोणत्याही पक्षाचा रंग अंगावर नसावा. हे अक्षरशः घ्या, कारण सदऱ्याचा रंगसुद्धा तिथल्या एखाद्या पक्षाचा निघू शकतो.

मात्र या कामाला लागणारी खरी शिदोरी आपल्या शिक्षकांजवळ आधीच आहे. ज्याने चार-पाच वेळा केंद्राध्यक्ष म्हणून काम केले, त्याला सील म्हणजे काय, यादी म्हणजे काय, संध्याकाळी रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या का द्यायच्या, हे कोणी शिकवायला नको. परदेशी पथकात नवखा माणूस जे आठ दिवसांत घोकतो, ते तुमच्या हाताला वळण म्हणून पडलेले असते.

आणि परदेशी जाणे न घडले तरी निरीक्षकाच्या तीन सवयी घरबसल्या घेण्याजोग्या आहेत. पहिली, पाहिलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ करू नये. "पैसे वाटले म्हणे" ही नोंद नव्हे. कोणी, कुठे, किती वाजता, आणि मी स्वतः पाहिले का, ही नोंद. दुसरी, आकडा खाली लिहिला तेव्हा काय होता आणि वर पोचला तेव्हा काय झाला, हे ताडून पाहावे. नमुना १७-क ची नक्कल प्रतिनिधींना देतात ती याचसाठी. तो कागद घडी करून खिशात विसरायचा नसतो. तिसरी, आपल्या मनासारखा निकाल लागला म्हणून निवडणूक चांगली, आणि मनाविरुद्ध लागला म्हणून वाईट, असे म्हणू नये. ही तिसरी सवय सर्वांत अवघड.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गप्रमुखाची निवडणूक पुष्कळ शाळांत होते. या खेपेला शेजारच्या वर्गातली दोन मुले निरीक्षक म्हणून बोलवा. त्यांना सांगा, बोलायचे नाही, खुणावायचे नाही, फक्त पाहून लिहायचे. मग त्यांनी लिहिलेले वर्गापुढे वाचून दाखवा. मुलांना लोकशाहीचा धडा त्यातून अधिक कळेल. कारण ज्या कोवळ्या हाताने "मी हे पाहिले" असे एकदा खरे लिहिले, तो हात पुढे खोट्या तक्त्यावर सही करताना अडखळेल, अशी मला आशा आहे.